प्रेरणेचं भाषण नको, वाट माहीत असलेलं माणूस हवं

आमच्या बारावीच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. शाळा जबलपूरची, रांझी-खमरियाच्या बाजूची, सरकारी. आम्ही १९९९ साली बाहेर पडलो. पहिले चार दिवस जुने फोटो, कोण किती जाड झालं, कोण कुठल्या देशात गेलं, हेच चाललं. मग एकाने लिहिलं, शाळेला काहीतरी परत द्यायला हवं. लगेच प्रस्ताव आले : गेटवर कमान, स्टेजवर शेड, गुणवंतांना ट्रॉफी. शेवटी ठरलं की माजी विद्यार्थ्यांनी नववी ते बारावीच्या मुलांचं 'मेंटॉरिंग' करायचं. महिन्यातला एक शनिवार, एक पाहुणा, एक तास. कार्यक्रमाचं नाव 'सक्सेस स्टोरी'.

मी ग्रुपमधली नावं मोजली. बासष्ट. वर्गात आम्ही शंभराच्या वर होतो. जे ग्रुपवर नव्हते त्यांचे चेहरे मला एकेक करून आठवत गेले. कुणाची बारावी एकदा राहिली आणि मग राहूनच गेली. कुणी अकरावीतच गॅरेजला लागला. दोघी मैत्रिणींची लग्नं परीक्षेच्या आधी झाली. त्यांना शोधायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा होता असं नाही. त्यांचे नंबरच कुणाकडे नव्हते. 'माजी विद्यार्थी' हा शब्द सगळ्यांना सारखा वाटतो, पण शाळा संपवून गेलेले आणि शाळा सुटून गेलेले यांच्यामधली रेष आपल्या देशात कुठून जाते हे वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेत परत जावं, याच्या मी विरोधात नाही. उलट, जायलाच हवं असं माझं मत आहे. प्रश्न आहे तो कोण जातं, कशासाठी जातं आणि स्टेजवर उभं राहतं की मुलांच्या शेजारी बाकावर बसतं, याचा.

मी भंडारा जिल्ह्यातून आलेल्या महार कुटुंबातली. आजोबा १९५२ साली तुमसरकडून जबलपूरला आले आणि खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले. जबलपुरात मराठी माणूस ढोबळमानाने दोन वाटांनी आला. एक वाट कारभाराची. भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे इंग्रजांच्या कचेऱ्यांमध्ये, कोर्टात, शाळांमध्ये आलेली घरं. दुसरी वाट कारखान्यांची. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, खमरिया १९४२ ची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ ची. या वाटेने विदर्भातले आमच्यासारखे पुष्कळ आले. दोन्हीकडे मराठीच बोलतात, पण गणपतीच्या मंडपात आणि बुद्धविहारात वेगवेगळी माणसं दिसतात.

पहिल्या वाटेच्या घरांत मुलगा दहावीला गेला की एक काका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत असतो, एक आत्या विद्यापीठात असते, मामाचे मित्र हायकोर्टात असतात. कुठला विषय घ्यायचा, कुठला फॉर्म कधी निघतो, मुलाखतीला काय घालून जायचं, हे त्या मुलाला जेवताना कळतं. त्याला कुणी मेंटॉरिंग म्हणत नाही, त्याला 'घरचं वातावरण' म्हणतात. पुढे त्याच मुलाला चांगली जागा मिळाली की त्याला 'मेरिट' म्हणतात. आमच्या घरी जेवताना ओव्हरटाइमची चर्चा व्हायची. बाबांना फॅक्टरीतल्या प्रत्येक मशीनची माहिती होती, पण जबलपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून आपल्याच शहरात आहे आणि तिथे आपली मुलगी जाऊ शकते, हे त्यांना माझी बारावी झाल्यावर समजलं. तोवर मी विषय वेगळे घेतलेले होते.

ग्रुपवर माझीही पाळी आली. मी नागपुरात बँकेत अधिकारी आहे, म्हणजे माझी स्टोरी 'सक्सेस' ठरली. माझ्या आधीच्या शनिवारी परदेशातल्या एका वर्गमित्राने व्हिडिओवरून मुलांना सांगितलं होतं की मोठी स्वप्नं बघा आणि कष्टाला पर्याय नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यातली निम्मी मुलं सकाळी पेपर टाकून, धुणीभांडी करून, लहान भावंडांना आवरून शाळेत आलेली. कष्टाला पर्याय नाही हे त्यांना व्हिडिओवरून सांगायची गरज होती का, असा प्रश्न मला पडला. पण मीही थोडंफार तसंच बोलले, हे कबूल करते. माईक हातात आला की माणूस तेच बोलतो.

भाषण संपल्यावर व्हरांड्यात अकरावीतली एक मुलगी आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "दीदी, वो उन्नीस सौ पचास वाला कागज़ कहाँ से मिलता है?"

मला क्षणभर काही सुचलं नाही. कारण पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी शाळेत फिरत होते आणि विचारायला माणूस नव्हतं.

ज्यांना हा कागद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अनुसूचित जातींची यादी जाहीर करणारा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. मध्य प्रदेशात अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर कुटुंब १९५० मध्ये या राज्यात राहत होतं, याचा पुरावा मागतात. जमिनीचा कागद, शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, असं काहीतरी. ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि ज्यांना शाळेत बसू दिलं नाही, त्यांच्याकडेच जमिनीचा आणि शाळेचा पुरावा मागायचा, यातला विनोद ज्याने नियम केला त्याच्या लक्षात आला नसावा. दाखला नाही तर एमपी टास पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा असते, ती अट तर आमच्या वस्तीत बहुतेकांची आपोआप पूर्ण होते. अडतं ते या कागदापाशी.

आमच्यासारख्या मराठी घरांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. तहसीलमधला बाबू म्हणतो, तुमचे पणजोबा भंडाऱ्याचे, भंडारा महाराष्ट्रात, तिकडून आणा. तिकडचा म्हणतो, तुम्ही राहता मध्य प्रदेशात, इथे कशाला आलात. दोघांनाही एक साधी गोष्ट कुणी सांगत नाही. १० ऑगस्ट १९५० ला भंडारा मध्य प्रदेशातच होतं. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचं नाव त्याच वर्षी जानेवारीत मध्य प्रदेश झालं होतं आणि राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ची. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी जबलपूर आणि नागपूर वेगवेगळ्या राज्यांत गेले. १९५२ साली तुमसरहून जबलपूरला आलेला मजूर राज्य बदलून आलाच नव्हता. राज्यच मागाहून त्याच्या पायाखालून दुभंगलं.

त्यात धर्माचा रकाना. घरात बुद्धवंदना, शाळेच्या रजिस्टरवर 'हिंदू महार'. कारण बौद्धांना केंद्राच्या यादीतले हक्क मिळाले १९९० च्या दुरुस्तीनंतर, तोवर चौतीस वर्षं आपल्या लोकांनी धम्म घरात आणि जुना धर्म कागदावर ठेवून दिवस काढले. आजही एखादा बाबू सहज म्हणून जातो, बौद्ध आहात तर जात कसली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने याला काय उत्तर द्यायचं? तिला ते उत्तर पाठ असायला हवं आणि सोबत १९९० च्या दुरुस्तीची प्रत असायला हवी. हे कुठल्या 'सक्सेस स्टोरी'त नसतं.

माझा कागद कसा निघाला? बाबांच्या सेक्शनमधल्या एका वयस्कर युनियनवाल्या काकांमुळे. ते म्हणाले, तुझा बाप चौथीपर्यंत तरी शिकला असेल ना, मग त्या गावच्या शाळेतलं दाखल-खारिज रजिस्टर बघ. बाबा नैनपूर-बालाघाटच्या छोट्या लाईनने गोंदियाला गेले, तिथून तुमसरला. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. आजोबांचं नाव, जात, गाव, प्रवेशाची तारीख, सगळं शाईने लिहिलेलं. आजोबा ज्या शाळेत दाराबाहेर बसून शिकले त्याच शाळेच्या नोंदीवर मी कॉलेजात गेले. ते युनियनवाले काका स्वतः आठवी झालेले होते. माझे पहिले मेंटॉर तेच.

बाबासाहेबांच्या आयुष्यात हे काम कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी केलं. ते भीमरावांच्या शाळेतले शिक्षकही नव्हते. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत आणि चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत आला. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इंटरनंतर घरचे पैसे संपले, तेव्हा केळुसकर सयाजीराव महाराजांपर्यंत पोचले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. सही कोण करतो आणि त्याच्या दारापर्यंत कसं जायचं, हे त्यांना माहीत होतं आणि ते मुलाला घेऊन गेले. ज्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गात गलका झाला होता, तिथे टिकून राहिलेल्या मुलाला प्रेरणा कुणी द्यायची गरज नव्हती. पंचवीस रुपयांची होती.

केळुसकर महार नव्हते. म्हणून माझ्या सवर्ण वर्गमित्रांनी शाळेत येऊ नये, असं मी म्हणत नाही. आमच्यातला एक जण हायकोर्टात वकील आहे. ब्राह्मण घरातला. ग्रुपवर तो फारसं बोलत नाही. पण मी कागदाची गोष्ट सांगितल्यावर तो दोन शनिवार येऊन बसला आणि मुलांच्या पालकांची शपथपत्रं फुकट लिहून दिली. फोटो काढला नाही. असं येणाऱ्याचं स्वागतच आहे. मला चीड येते ती कमानीवर नाव कोरण्यासाठी वर्गणी काढणाऱ्यांची.

आता आपल्या माणसांबद्दल. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी दगा दिल्याची खंत बोलून दाखवली, हे आपण दर सहा डिसेंबरला एकमेकांना ऐकवतो. 'पे बॅक टू सोसायटी' हे तर बामसेफच्या काळापासून आपल्या तोंडी बसलेलं. तरी आपले माजी विद्यार्थी शाळेत का परत जात नाहीत? मला वाटतं, स्वार्थ हे सोपं उत्तर आहे आणि ते पूर्ण खरं नाही. आमच्या शाळेत एक सर शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात मोठ्याने वाचायचे. नाव वाचून झालं की मान वर करून बघायचे, जणू पैसे त्यांच्या खिशातून जाणार आहेत. ज्याचं नाव त्या यादीत होतं त्याला ती शाळा आठवली की ती नजर आठवते. वर्गमित्रांना शाळेच्या आठवणींनी भरून येतं, आमच्या पोटात गोळा येतो. शिवाय नोकरीच्या ठिकाणी कुणी आडनाव बदललेलं असतं, कुणी जात सांगितलेली नसते. शाळेच्या स्टेजवर जाऊन 'मी इथला, या वस्तीतला' म्हणणं म्हणजे सगळं उघडं करणं. अशा माणसाला नुसतं गद्दार म्हणून तो परत येणार नाही. आपल्याकडच्या भाषणांमध्ये त्याची जितकी निंदा होते, तितकी त्याच्यासाठी जागा तयार होत नाही.

जागा तयार केली तर लोक येतात. तेलंगणात समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचं उदाहरण माझ्यासमोर आहे. आर. एस. प्रवीण कुमार हे तेव्हाचे आयपीएस अधिकारी स्वतः अशा शाळेत शिकलेले. २०१२ पासून २०२१ पर्यंत ते या शाळांच्या संस्थेचे सचिव होते. त्या काळात आजी-माजी विद्यार्थ्यांनी स्वतःला 'स्वेरो' म्हणायला सुरुवात केली. ज्या शाळेचं नाव सांगताना मान खाली जायची, त्याच 'सोशल वेल्फेअर'ची आद्याक्षरं त्यांनी नावात घेतली. २०१४ च्या मे महिन्यात याच शाळांतली मालावत पूर्णा तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर पोचली ते सगळ्यांना माहीत आहे. मला एव्हरेस्टपेक्षा ते नाव मोठं वाटतं. माजी विद्यार्थ्याने परत यावं असं वाटत असेल तर आधी शाळेच्या नावाची लाज गेली पाहिजे.

आपल्या जवळ वर्ध्याला अनुप कुमार यांनी सुरू केलेली नालंदा अकादमी आहे, यवतमाळला राजू केंद्रे यांनी उभं केलेलं एकलव्य आहे. दोन्हीकडे घरातून पहिल्यांदाच शिकणारी मुलं देशभरातल्या विद्यापीठांच्या प्रवेशाची तयारी करतात आणि आधी गेलेले मागून येणाऱ्यांना हात देतात. तिथला मार्गदर्शक दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच बाकावर होता. कुठला रकाना भरताना आपण चुकलो, वसतिगृहाचा अर्ज राहिल्यामुळे पहिला महिना कुठे काढला, हे त्याला ताजं आठवत असतं. पंचेचाळीस वर्षांच्या यशस्वी माणसापेक्षा वीस वर्षांचा हा मुलगा जास्त उपयोगाचा, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. माझ्या स्वतःच्या भाषणासकट.

अर्ज चुकणं म्हणजे काय, ते २०२४ मध्ये देशाने पाहिलं. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली. २४ जूनला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी गावातून पैसे गोळा केले, पण वेळेत भरले गेले नाहीत आणि जागा गेली. ती परत मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, ३० सप्टेंबरला न्यायालयाने प्रवेश द्यायला सांगितलं. न्याय झाला, चांगलंच झालं. पण जागा मिळायच्या आधीच महिनाभर 'पैसे बाजूला काढून ठेव, कमी पडले तर मला फोन कर' असं सांगणारा एक माजी विद्यार्थी त्याला असता तर? आणि जे कोर्टापर्यंत गेले नाहीत, त्यांची जागा कुठे गेली? आमच्या रांझीपासून डुमना फार लांब नाही. तिथे २००५ पासून ट्रिपल आयटी आहे. मी अकरावी-बारावीच्या मुलांना विचारलं, तिथे जायला कुठली परीक्षा लागते. जेईई मेन असं एकानेही सांगितलं नाही. त्या रस्त्यावरून विमानतळ बघायला सगळे जाऊन आलेले होते.

प्रवेश मिळाला की काम संपतं असंही नाही. केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडल्याचं सरकारनेच २०२३ मध्ये संसदेत सांगितलं. तिथे पहिल्या दिवशी रँक विचारतात तेव्हा खरं तर जात विचारतात. आयआयटी मुंबईला तर असं विचारू नका म्हणून २०२३ मध्ये सूचना काढाव्या लागल्या. हे आधीच सांगून ठेवणारा, रात्री अकराला फोन उचलणारा कुणीतरी लागतो. शनिवारच्या एका तासात हे होत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात माजी विद्यार्थी आणि स्वयंसेवकांना शाळेत आणायची भाषा आहे, २०२१ मध्ये विद्यांजलीचं नवं पोर्टलही निघालं. मध्य प्रदेशात अतिथी शिक्षक वर्षानुवर्षं तात्पुरते राबत आहेत. आपण फुकट गणित शिकवायला लागलो तर गणिताच्या शिक्षकाची जागा भरायची कुणाला घाई राहणार नाही. म्हणून मी ठरवलं आहे की शिकवायला जायचं नाही. शिकवणं शिक्षकाचं काम, ते सरकारकडून भांडून घ्यायचं. आपण वाट दाखवायची.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. तिचे पणजोबाही भंडाऱ्याकडचेच निघाले, मोहाडी तालुक्यातले, १९५४ ला आलेले. गावाचं नाव तिच्या आजीला आठवतं. शाळा अजून चालू आहे, मी फोन करून विचारलं. रजिस्टर कपाटात आहे की वाळवीने खाल्लं, ते मुख्याध्यापिकाबाईंना बघून सांगता येईल. आता छोटी लाईन गेली, मोठी झाली. येत्या शनिवारी तिचे वडील जबलपूरहून गोंदियाला उतरतील, मी नागपूरहून जाईन, तिथून पुढे दोघं मिळून जाऊ. तो शनिवार नेमका ग्रुपच्या पुढच्या 'सक्सेस स्टोरी'चा आहे. मी लिहिलं की मी येणार नाही, आणि स्टेजच्या शेडऐवजी शाळेत एक टेबल, एक प्रिंटर आणि दर शनिवारी तीन तास बसणारी दोन माणसं हवीत. बासष्टपैकी नऊ जणांनी अंगठा दाखवला. त्यातल्या चौघांनी वार विचारून घेतले आहेत.